न टाकलेल्या मुरुमाची बिलं

माझ्या नावाची खरी नोटीस आली, तेव्हा मी ती खोटी समजून पुसून टाकली. एकदा नाही, तीनदा. आणि त्याआधी आलेली खोटी मात्र खरी समजून चार दिवस छातीशी धरून बसले होते. जिने चौतीस वर्षं सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळली, तिच्या हातून हे व्हावं याची मला आजही लाज वाटते. लाजेपेक्षा भीती जास्त वाटते. ती कशाची, तेच सांगायला बसले आहे.

आवक-जावक म्हणजे कार्यालयातलं सगळ्यात दुर्लक्षित टेबल. येणाऱ्या प्रत्येक पत्रावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, रजिस्टरला चढवायचं. जाणाऱ्या पत्राला जावक क्रमांक द्यायचा, जोडलेली सहपत्रं मोजायची, पोच सांभाळायची. साहेब बदलले, सरकारं बदलली, पंखे बदलले, माझं टेबल तेच राहिलं. पण मला त्या कामाचा अभिमान होता. पत्र हातात आलं की शिक्का कुठला, सही कुणाची, क्रमांक सरळ आहे की मागच्या तारखेत घुसवलाय, हे मी बघताक्षणी सांगायचे. कार्यालयातले चिडवायचे, की प्रत्यक्ष यमाचं बोलावणं आलं तरी मॅडम आधी त्याचा जावक क्रमांक विचारतील.

हे वळण वडिलांचं. ते गिरणीत होते. तरुणपणीच त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून घरातला प्रत्येक कागद, शाळेचा दाखला असो की पगाराची पावती, ते जिवापाड जपत. म्हणायचे, "आपल्या पाठीशी कोनी नाही बाई. कायदा आहे, अन् कायदा कागदावर असते." त्यामुळे आमच्या घरात पोलिसांची भीती कधी नव्हती, सरकारची तर नव्हतीच. सरकारी शिक्का म्हणजे आपल्या बाजूचा माणूस, असंच मी समजत आले.

हिंगण्याच्या पुढे आमचा एक प्लॉट होता. आमचे हे तिकडच्याच कारखान्यात होते. कंपनीच्या बसमधून रोज येता-जाता त्यांना नवीन पडलेलं ले-आऊट दिसायचं. माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून आम्ही तो माझ्या नावाने घेतला. चार कोपऱ्यांना चार दगड रोवले आणि पुढे तीस-बत्तीस वर्षं काही केलं नाही. कुंपण नाही, विहीर नाही, टोपलंभर माती टाकली नाही. बाभळी वाढल्या, कुणाच्या तरी शेळ्या चरत राहिल्या. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, यांचे गुडघे गेले, तेव्हा आम्ही तो विकायचं ठरवलं. शहर तिथपर्यंत पोचलं होतं, किंमत चांगली आली.

धरमपेठेत एक कर सल्लागार आहेत, माझ्या निवृत्तीपासून तेच आमचे कागद बघतात. त्यांनी समजावून सांगितलं की तेव्हाची किंमत आणि आजची किंमत यांच्यातला फरक म्हणजे नफा, आणि नफ्यावर टॅक्स. पण सहा महिन्यांच्या आत नफ्याची रक्कम ठरावीक सरकारी रोख्यांत गुंतवली तर टॅक्स लागत नाही. मी हो म्हटलं. फक्त विक्रीपत्राची साक्षांकित प्रत यायची होती. रोख्यांच्या अर्जाला ती लागत नाही असं ते म्हणाले, पण मला चैन पडेना. सहपत्रांशिवाय अर्ज पाठवणं मला जमतच नाही. म्हटलं, सहा महिने आहेत, प्रत येऊ द्या. त्या प्रतीची वाट बघत पैसे बँकेत दोन महिने पडून राहिले. दुसरी एखादी बाई असती तर तिने पहिल्याच आठवड्यात काम उरकलं असतं आणि आज तिचं सगळं सुरक्षित असतं.

त्या दोन महिन्यांच्या शेवटी फोन आला. सकाळी अकराची वेळ, मी कणीक मळत होते. माझ्या आधार कार्डावर कुठेतरी खातं उघडलंय, त्यातून काळा पैसा फिरलाय, माझ्यावर गुन्हा आहे. मग व्हिडिओवर वर्दीतला माणूस. मागे भिंत, झेंडा, टेबलावर फायली. मी म्हटलं, आधी मला लेखी द्या. हे मी मोठ्या हुशारीने म्हटलं. दहा मिनिटांत मोबाइलवर पत्र आलं.

ते पत्र मी चष्मा पुसून वाचलं. वर जावक क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ. खाली सहपत्रांची संख्या. गोल शिक्का, आणि सही त्या शिक्क्याच्या कडेवरून गेलेली, जशी जायला हवी तशी. सगळ्यात शेवटी कुणाकुणाला प्रती पाठवल्या त्याची यादी. आमच्या कार्यालयातल्या निम्म्या पत्रांत यातलं काही ना काही राहून जायचं. यात काहीच राहिलं नव्हतं. पत्र खोटं असेल असा विचारसुद्धा माझ्या मनाला शिवला नाही, कारण ते बरोबर होतं.

त्यांच्या हुकमावरून चार दिवस फोनचा कॅमेरा सुरू होता. कुणाला सांगितलं तर तेही आरोपी होतील असं त्यांनी बजावलं होतं, म्हणून मुलीचे फोन मी दोन वाक्यांत संपवले. हे खाटेच्या कडेला बसून राहायचे. एकदाच हळूच म्हणाले, शेजारच्यांना विचारू का, आणि मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. चौकशी संपेपर्यंत रक्कम सरकारी खात्यात तपासणीसाठी ठेवायची, मग परत मिळेल, असं सांगितलं गेलं. मी दोन वेळा बँकेत जाऊन सगळी रक्कम पाठवली आणि पोच मागितली. पोच लगेच आली, शिक्क्यासकट. आमच्या कार्यालयाने चौतीस वर्षांत कुणाला इतक्या लवकर पोच दिली नव्हती. मला तिथेच कळायला हवं होतं.

पाचव्या दिवशी तो फोन गेला तो गेलाच. सायबर शाखेत एका तरुण पोलीस बाईने तक्रार लिहून घेतली. पाणी दिलं, म्हणाली, "काकू, रडू नका. तुमच्यासारखे रोज येऊन राहिले." पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहात गेले होते. थोडीशी रक्कम कुठेतरी गोठवता आली. ती कोर्टाच्या हुकमानंतर कधीतरी मिळेल असं समजलं. मी एफआयआरची प्रत घेतली, तिच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि घरी आले.

यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते फक्त जेवण कमी करायला लागले.

मी फोनला घाबरायला लागले, बेलला घाबरायला लागले. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत दुपारी एखादी मोटरसायकल दाराशी मंद झाली तरी उठून कडी लागली आहे का बघायचे. बँकेचे, विजेचे, गॅसचे सगळेच निरोप मी पुसून टाकू लागले. रोख्यांचे सहा महिने असेच निघून गेले. रिटर्न भरायची मुदतही गेली. मनात एकदा आलं होतं की सल्लागारांना विचारावं, पण मग सगळी कथा सांगावी लागली असती. आणि मला वाटलं, पैसेच राहिले नाहीत तर टॅक्स कसला? हे मला इतकं उघड वाटलं की मी पुन्हा विचारच केला नाही.

पुढच्या वर्षी ईमेलवर इन्कम टॅक्सची नोटीस आली. प्लॉटची विक्री आमच्याकडे नोंदलेली आहे, तुम्ही उत्पन्न दाखवलेलं नाही, खुलासा करा. मी ती डोळे बारीक करून तपासली. शिक्का नाही. सही नाही. उलट खाली लिहिलेलं, हे पत्र संगणकाने तयार केलं असल्याने सहीची आवश्यकता नाही. सहीची आवश्यकता नसलेलं सरकारी पत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. क्रमांक म्हणून अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ, जिच्यावरून ना शाखा कळत होती ना वर्ष. मला त्या चोरांचा रागच आला, की एवढं लुटून पोट भरलं नाही, आणि यावेळी तर कामही धड केलेलं नाही. पुसून टाकली. दुसरी आली, तीही. तिसरी वाचलीसुद्धा नाही.

मग स्पीड पोस्टने पाकीट आलं. आमचा पोस्टमन जुना, मला ओळखणारा. पाठवणारा म्हणून पाकिटावर इन्कम टॅक्स खात्याचं नाव होतं. तो सही घ्यायला थांबला होता. मी म्हटलं, मी हे घेत नाही. तो म्हणाला, मॅडम, सरकारी आहे. मी म्हटलं, म्हणूनच घेत नाही, आणि काय शेरा मारायचा तेही त्याला सांगितलं, "घेण्यास नकार", तारीख आणि वेळेसकट. दार लावून घेतलं तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. निदान एकदा तरी मी फसले नाही.

आठवड्याने धरमपेठेतून सल्लागारांचा फोन आला. इन्कम टॅक्सच्या साइटवरचं माझं खातं त्यांच्याकडे जोडलेलं होतं, त्यांना तिथे काहीतरी दिसलं होतं. आम्ही दोघं रिक्षाने गेलो. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. मी पुसून टाकलेली तिन्ही पत्रं तिथे एकाखाली एक उभी होती, आणि परत गेलेल्या पाकिटाची नोंदही. खरी होती. सगळी खरी होती. 

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ते तारखा टिपून घेत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, टॅक्स प्लॉट विकला त्या दिवशी लागला. नंतर पैशांचं काय झालं, हे कायदा विचारत नाही."

मी विचारलं, चोरीला गेले तरी? ते म्हणाले, दागिने घेतले असते, दान केले असते, तरी लागला असता. चोरी त्याच रांगेत. दुकानदाराच्या गल्ल्यातून चोरी झाली तर तो तोटा दाखवू शकतो. तुम्ही दुकानदार नाही. ज्याने पैसे नेले त्याला टॅक्स नाही, आणि जिचे गेले तिला आहे. मी हे त्यांना जरा मोठ्याने ऐकवलं. ते म्हणाले, तुमचं बरोबर आहे, पण माझ्याशी भांडून काय होणार.

तरी वरच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज करून बघू, असं ते म्हणाले. तो अर्ज मी स्वतः लिहिला. आयुष्यात इतकं चांगलं पत्र मी लिहिलं नव्हतं. विनंती साधी होती. गुन्ह्यात गेलेली रक्कम नफ्यातून वगळा. ते होत नसेल तर पैसे परत मिळतील त्या दिवसापासून रोख्यांसाठी पुन्हा सहा महिने द्या. एफआयआर, बँकेचे उतारे, त्या खोट्या अधिकाऱ्याचं पत्र, खोटी पोच, अशी अकरा सहपत्रं जोडली. महिनाभर रोज ईमेल उघडून बघायचे. उत्तर तीन ओळींचं आलं. आपल्या परिस्थितीबद्दल सहानुभूती आहे, मात्र अशी तरतूद कायद्यात नाही.

वडिलांनी शिकवलेलं सगळं मला त्या तीन ओळींपुढे पोरकं वाटलं. मी रडले, आणि रागाने रडले. त्यानंतर दंडाची वेगळी नोटीस आली. उत्पन्न लपवलं, नोटीस घ्यायला नकार दिला, तर दंड का लावू नये? सल्लागारांनी कागदावर आकडे मांडून दाखवले. टॅक्स, त्यावरचं व्याज, आणि दंड टॅक्सपेक्षा मोठा. माझी पेन्शन आणि यांची नावापुरती पेन्शन मिळून ते आमच्या हयातीत फिटणारं नव्हतं. राहिलं होतं ते घर. तीन खोल्या, पुढे पेरूचं झाड, सक्करदऱ्याच्या तलावापासून दहा मिनिटांवर. ते विकूनच भरावं लागेल, नाहीतर खातं ते जप्त करून भरून घेईल.

भीती म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. चोरांच्या चार दिवसांत मी घाबरले होते, पण तेव्हा मनात होतं की मी काही केलेलं नाही, सत्य बाहेर येईल. आता सत्य बाहेर आलेलं होतं, सगळ्यांनी वाचलं होतं, आणि तरी घर जाणार होतं.

सल्लागारांनी मग एक दुसरा मार्ग सांगितला. प्लॉटवर तुम्ही काही खर्च केला असेल, म्हणाले. भर घातली असेल, तारेचं कुंपण, बोअर. तो खर्च नफ्यातून वजा होतो, आणि जुना असला तर महागाईच्या हिशोबाने फुगून वजा होतो. मी म्हटलं, आम्ही टोपलंभर माती टाकली नाही. ते हसले नाहीत. म्हणाले, "बिलं मिळू शकतात. सगळेच लावतात, मॅडम. तुम्ही तर खरंच लुटल्या गेला आहात." मी उठून उभी राहिले, नाही म्हणाले, आणि पायऱ्या उतरले.

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत होते, हे समोर येऊन बसले.

"तू अकरा कागद लावून खरं सांगितलं," ते म्हणाले. "काय मिळालं तुले?"

मी म्हटलं, खोट्या कागदानेच आपलं वाटोळं झालं, आता आपणच खोटा कागद करायचा?

"मले सत्तर चालू आहे. मले भाड्याच्या खोलीत मरायचं भेव वाटते." मग थांबून म्हणाले, "त्या चार दिवसांत मी तुले काही म्हटलं नाही. तू म्हणशील तसं बसून राहिलो. आता एक डाव माझं ऐक."

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला भेव वाटते असं कधी सांगितलं नव्हतं. कारखान्यात मशीनमध्ये बोट गेलं तेव्हाही नाही. मी सल्लागारांना फोन केला.

चार दिवसांनी त्यांनी बिलं बघायला बोलावलं. तीन होती. मुरूम टाकल्याचं, तारेच्या कुंपणाचं, बोअरवेलचं. तारखा बावीस-तेवीस वर्षांपूर्वीच्या. मी फक्त सही करून निघायचं ठरवून गेले होते. पण बिलं हातात आली आणि माझा चष्मा आपोआप नाकावर आला.

ती भयंकर होती. मुरुमाच्या बिलावर जीएसटी नंबर छापलेला, तेव्हा जीएसटीचा पत्ता नव्हता. कुंपणवाल्याचा मोबाइल नंबर, दहा आकडी. तेव्हा तारेचं कुंपण घालणाऱ्याकडे मोबाइल कुठला, लँडलाइन असली तर असायची, तीही सहा आकडी. तिन्ही बिलांवर एकाच माणसाचं अक्षर आणि एकच निळा जेल पेन. कागद पांढराशुभ्र. शिक्के चारही बाजूंनी सारखे उमटलेले. हाताने मारलेला शिक्का असा कधीच उमटत नाही, एक कड नेहमी फिकी राहते. मी हे सगळं सांगत गेले, सल्लागार मान डोलवत गेले, आणि मी त्यांच्या टेबलावरची पेन्सिल उचलून चुकीच्या प्रत्येक जागी खूण केली, बाजूला दुरुस्ती लिहिली. बिल क्रमांक तीन वेगवेगळ्या पुस्तकांतले वाटतील असे सुचवले. मुरूम ट्रकवर मोजत नाहीत, ब्रासवर मोजतात, तेही सांगितलं. मुरुमाचं बिल उन्हाळ्यातलं करा म्हटलं, पावसाळ्यात त्या रस्त्याने ट्रक जातच नव्हता. घड्या घाला, आणि घडीवर थोडं झिजू द्या.

हे शेजारी बसून माझ्याकडे बघत होते. रिक्षात ते म्हणाले, तुले तर सगळंच येते. त्यांना कौतुकच वाटलं असावं. मी मात्र रिक्षा थांबवून रस्त्याच्या कडेला जरा वेळ उभी राहिले. ते चोरांचं पत्र कुणी बनवलं असेल हे मला तोवर कधी नीट दिसलं नव्हतं. त्या दिवशी दिसलं. माझ्यासारखंच कुणीतरी, टेबलावर बसून, काम चोख करणारं.

नवी बिलं आली. त्यात मला एकही चूक सापडली नाही.

सुनावणी व्हिडिओवर होती. सल्लागारांच्या कार्यालयात, दुपारी तीनला. हे कळलं तेव्हापासून मला जेवण जात नव्हतं. पुन्हा पडदा, पुन्हा समोर अधिकारी, पुन्हा मी उत्तरं देणार. पडदा उजळला तेव्हा मी आधी मागच्या भिंतीवर झेंडा आहे का ते बघितलं. समोर एक तरुण बाई होत्या, साधा कुडता, मागे कोरी भिंत. हिंदीत बोलत होत्या. आवाज मऊ होता, त्याने मी आणखीच घाबरले.

आधी त्यांनी फसवणुकीबद्दल विचारलं. एफआयआर त्यांनी पूर्ण वाचला होता. वाईट झालं, म्हणाल्या, माझ्या हातात असतं तर मी ती रक्कम सोडली असती. त्या खरंच बोलत होत्या असं मला वाटलं. त्या क्षणी मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं, की बिलं बाजूला ठेवा, ती खोटी आहेत, बाकी सगळं खरं आहे. मग मला बाजूला यांचा श्वास ऐकू आला.

त्यांनी बिलं काढली. मुरूम किती टाकला, काय भावाने, कुंपणाला खांब कशाचे होते? मी उत्तरं देत गेले. खांब सिमेंटचे, म्हटलं. बोअरला पाणी लागलं का? थोडं लागलं, उन्हाळ्यात आटायचं. माझा आवाज कापत होता, पण तो आधीपासूनच कापत होता, त्यामुळे फरक कळला नसणार. त्यांनी बिलं पुन्हा एकदा खालीवर करून बघितली.

"इतने पुराने काग़ज़ इतने अच्छे से कौन रखता है, मैडम," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

मी सांगितलं की मी आवक-जावकला होते. त्या म्हणाल्या, हां, तभी.

महिन्याभराने आदेश आला. खर्च मान्य. राहिलेल्या थोड्या नफ्यावर टॅक्स, आणि गुन्ह्यामुळे मानसिक स्थिती ठीक नव्हती हे धरून दंड माफ. यांनी तो आदेश मला दोनदा वाचायला लावला. मग सावकाश गुडघे धरत अंगणात गेले, पेरूच्या आळ्यात पाणी सोडलं, आणि त्या दुपारी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवून झोपले. मला झोप आली नाही. सल्लागारांनी निघताना सांगितलं होतं की काही संशय आला तर प्रकरण पुढची काही वर्षं पुन्हा उघडता येतं. घाबरू नका, कोण बघतंय. मी बोटांवर वर्षं मोजली आणि त्यात यांचं वय मिळवलं.

परवा सकाळी सल्लागारांचाच फोन आला. आवाज नेहमीसारखा गोड. म्हणाले, एक निवृत्त शिक्षक आहेत, एकटेच असतात, तुमच्यासारखंच झालंय त्यांचं. शेत विकलं होतं, सगळं फोनवाल्यांनी नेलं, आता टॅक्स. बिलं तयार करतोय. "जरा नजरेखालून घालाल का? तुमच्यासारखी नजर इथे कुणाला नाही."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मनात आलं की ज्या पहिल्या बिलांवर मी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, माझ्या अक्षरात दुरुस्त्या लिहिल्या होत्या, ती त्यांनी फाडून टाकली का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. आताही ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. त्या शिक्षकांची दया येत होती, अगदी मनापासून येत होती, आणि ती दया आहे की भीती हे मला वेगळं करता येईना.

आतल्या खोलीतून यांनी विचारलं, कोनाचा फोन आहे?

कुणाचा नाही, असं मी त्यांना सांगितलं. मग फोन पुन्हा कानाला लावला आणि विचारलं, "कोणत्या वर्षाची करायची आहेत?"